हिरवा रंग किती काळा? कृष्णधवल निसर्गचित्रणामागचं गणित

मे महिन्याच्या अखेरीस गुलमोहर ऐन भरात असतो. लालभडक फुलं आणि त्यांच्या मधून डोकावणारी हिरवी पानं. असा एखादा फोटो फोनवर काढा आणि ॲपमध्ये ‘मोनो’ करून पाहा. बहुतेक वेळा फुलं गायब होतात. झाड राहतं, पण सगळं एकाच करड्या रंगाचं, जणू यंदा ते फुललंच नाही.

असं का होतं ते आकड्यांतच पाहू. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यानचा. समजा, गुलमोहराच्या पाकळीवरचा एक ठिपका लाल २००, हिरवा ४०, निळा ३० असा आहे आणि शेजारच्या पानावरचा ठिपका लाल ६०, हिरवा १०५, निळा ५०. या तीन आकड्यांचा मिळून एक करडा आकडा करायचा, तर सरळ सरासरी काढून भागत नाही. आपल्या डोळ्यांना हिरवा उजेड सगळ्यात प्रखर भासतो आणि निळा सगळ्यात मंद. म्हणून रंगीत टीव्हीच्या काळापासून एक प्रमाण वापरात आहे: लालचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ टक्के, निळ्याचे ११ टक्के. या हिशेबाने पाकळी येते ८७ आणि पान ८५. दोन आकड्यांचा फरक कुठल्या डोळ्याला दिसणार!

आता प्रमाण बदला. फक्त लाल आकडा धरला तर पाकळी २०० आणि पान ६०, म्हणजे काळपट झाडावर पांढरीशुभ्र फुलं. फक्त हिरवा आकडा धरला तर पाकळी ४० आणि पान १०५, म्हणजे उजळ झाडावर काळी फुलं. झाड तेच, क्षण तोच, फोटो मात्र तीन. त्यातला ‘खरा’ कुठला, या प्रश्नाला काही अर्थ नाही. कुठला रंग किती उजळ उतरवायचा हा निर्णय प्रत्येक कृष्णधवल फोटोत कुणीतरी घेतलेलाच असतो. तुम्ही घेतला नसेल तर ॲप बनवणाऱ्याने घेतलेला असतो, आणि त्याने काही तुमचा गुलमोहर पाहिलेला नसतो.

एक गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग दिसतच नाहीत. त्याला फक्त उजेड किती आला एवढंच कळतं. त्याच्या प्रत्येक बिंदूवर इवलीशी रंगीत चाळणी बसवलेली असते. निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल, उरलेल्या पावांवर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या नावे १९७६ साली या रचनेचं पेटंट झालं आणि आज जवळपास प्रत्येक फोनमध्ये तीच किंवा तिच्याच धर्तीची रचना आहे. चाळण्यांमधून आलेल्या आकड्यांवरून कॅमेरा रंग बांधतो. म्हणजे आपण जेव्हा रंगीत फोटो ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करतो तेव्हा एका रंगांध यंत्राने आधी रंग रचलेले असतात आणि मग आपण ते पुन्हा विस्कटतो. हा द्राविडी प्राणायाम टाळायला लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने २०१२ साली चाळणीच नसलेला कॅमेरा बाजारात आणला. त्याचे बारकावे अप्रतिम असतात, पण एक मेख आहे: फोटो काढून झाल्यावर लाल-हिरव्याचं प्रमाण बदलायची सोयच उरत नाही, कारण ते आकडे कधी नोंदवलेलेच नसतात. तिथे पुन्हा जुन्या पद्धतीने लेन्सवर रंगीत काच लावावी लागते.

त्या काचेची गोष्ट समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागेल. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे हे तंत्र आपल्याकडे फार लवकर पोचलं. पण त्या काळी फिल्मच्या जागी वापरत त्या काचांवरचं चांदीचं रसायन फक्त निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद द्यायचं. हिरवा त्याला जेमतेम कळायचा, लाल अजिबात नाही. परिणाम काय? निळं आकाश भगभगीत पांढरं, झाडी काळीठिक्कर आणि लाल माती तर कोळशासारखी. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न यांनी १८६० च्या दशकात हिमालयात जाऊन काढलेली छायाचित्रं पाहिलीत तर बऱ्याच ठिकाणी शिखरांमागचं आकाश कोऱ्या कागदासारखं दिसेल. ढग नव्हतेच असं नाही. निळं आकाश आणि पांढरे ढग, दोघांनीही काचेवर सारखाच ठसा उमटवला, एवढंच. फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच यावर तोडगा काढला होता. समुद्रासाठी एक काच, आकाशासाठी दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून एकच छाप. आज कुणी आकाश बदललं की ‘फोटोशॉप आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

१८७३ साली बर्लिनमधल्या हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं की रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवाही कळू लागतो. पुढे १९०६ साली इंग्लंडमधल्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सगळे रंग ओळखणाऱ्या, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, काचा विकायला काढल्या. इथे खरा बदल झाला. आता सगळेच रंग उतरत होते, म्हणून त्यातला नको तो अडवायची मुभा मिळाली.

नियम अगदी साधा. लेन्सवरची रंगीत काच, म्हणजे फिल्टर, आपला रंग आत सोडते आणि विरुद्ध रंग अडवते. लाल काच लावली की लाल वस्तू उजळतात, निळ्या आणि हिरव्या गडद होतात. पिवळी काच तेच काम सौम्यपणे करते, नारिंगी मधलं. हिरवी काच पानं उजळवते. उजेड अडला की तेवढा वेळ वाढवावा लागतो. नेहमीच्या लाल काचेला आठपट, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट).

या साध्या नियमाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एप्रिल १९२७ मधलं आहे. अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये पंचविशीतला छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स पाठीवर जड कॅमेरा आणि काचांचं ओझं घेऊन हाफ डोम या प्रचंड सुळक्यासमोर पोचला. तोवर त्याच्याकडे फोटो घ्यायच्या दोनच काचा उरल्या होत्या. पिवळा फिल्टर लावून त्याने एक फोटो काढला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की आकाश जसं दिसतंय तसंच, मध्यम करडं येणार. समोरच्या कड्याने छातीत जी धडकी भरवली ती त्यात नसेल. शेवटच्या काचेवर फोटो घेताना त्याने लेन्सला गडद लाल फिल्टर लावला. त्या फोटोत आकाश जवळपास काळं आहे आणि कडा त्यातून वर उठतो. फोटो काढण्याआधीच शेवटची छाप डोळ्यांसमोर आणणं ही त्याची पुढे आयुष्यभराची शिकवण झाली.

हा किस्सा वाचून लोक लाल फिल्टर विकत घेतात, किंवा ॲपमधलं लाल बटण दाबतात, आणि जुलैमध्ये घाटमाथ्यावर जाऊन निराश होतात. काहीच फरक पडत नाही. त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे आणि सह्याद्रीत फोटो काढणाऱ्याने ते समजून घेतलंच पाहिजे.

हवेतले रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार छोटे असतात. असे बारीक कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा सुमारे चौपट विखुरतात. आकाश निळं दिसतं ते यामुळे, आणि दूरच्या डोंगररांगा निळसर, फिकट दिसतात त्याही यामुळेच. आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा स्वतःच निळी चमकत असते. लाल काच हा निळा पडदा बाजूला सारते आणि लांबचा डोंगर कोरल्यासारखा स्पष्ट होतो. पण धुक्याचे थेंब सुमारे दहा मायक्रॉनचे असतात, म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या पंधरा-वीसपट. एवढ्या मोठ्या थेंबांना लाल काय, निळा काय, सगळे रंग सारखेच. ते सगळंच सारखं विखुरतात, म्हणून धुकं पांढरं असतं. त्यात लाल काच लावून काही उपयोग नाही. पावसाळ्यातलं आकाशही पांढरंच असल्याने तेही गडद होणार नाही.

मग लाल फिल्टर वापरायचा कधी? ऑक्टोबरमध्ये. पाऊस सरलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते, आकाश खरोखर निळं असतं आणि कापसाचे ढग अजून येऊन-जाऊन असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तर दुहेरी फायदा. डोंगरउतारावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि सोनेरी रंगात लाल भरपूर असतो. लाल आकडा धरला की गवत चकाकतं, आकाश बुडतं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरही हेच होतं: जुन्या काचांवर काळा पडलेला तोच जांभा लाल काचेतून फिकट, खडबडीत, प्रत्येक भोकासकट दिसतो.

उलट, महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून दिसणाऱ्या रांगांमागच्या रांगा, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकट, असा फोटो हवा असेल तर लाल फिल्टर ही चूक आहे. तो मधला पडदाच काढून टाकतो आणि सगळ्या रांगा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी निळा आकडा धरा. पडदा दाट होतो आणि रांगा सुट्या होतात. ही युक्ती फार कमी लोक वापरतात, का कोण जाणे.

आता हिरव्याकडे येऊ, कारण आपल्याकडे चार महिने दुसरं काही नसतंच. डोळ्यांना हिरवीगार वाटणारी पानं प्रत्यक्षात हिरवा प्रकाशसुद्धा जेमतेम दहा-पंधरा टक्केच परत पाठवतात. लाल आणि निळा तर हरितद्रव्य जवळपास गिळूनच टाकतं. म्हणून पावसाळ्यातल्या दरीचा फोटो मोनो केला की तो काळवंडतो आणि मन खट्टू होतं. डोळ्याने रंगावरून झाडं वेगळी केली होती, करड्यात ती वेगळी राहिली नाहीत. इथे हिरवा आणि पिवळा दोन्ही उजळवायचे, कारण कोवळ्या पानांत पिवळा जास्त असतो आणि जून पानांत कमी. पिवळा वर नेला की कोवळी पालवी जून पानांवर उठून दिसते.

याच पानांचा एक विचित्र गुण आहे. दृश्य लाल संपून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश सुरू होतो, साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे, तिथे पान अचानक आरशासारखं वागायला लागतं आणि निम्म्याच्या आसपास प्रकाश परत फेकतं. अवरक्त फोटोत झाडं बर्फाने माखल्यासारखी पांढरी दिसतात. रॉबर्ट वुड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले. नेहमीच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच सेन्सरपुढेच बसवलेली असते, त्यामुळे हौस असेल तर जुना कॅमेरा त्यासाठी बदलून घ्यावा लागतो. (जाता जाता: १९८८ मध्ये सोडलेल्या आपल्या आयआरएस-१ए उपग्रहापासून पिकांची तब्येत आकाशातून ओळखतात ती पानांच्या याच गुणावरून. निरोगी पान लालमध्ये काळं, अवरक्तात पांढरं. पीक सुकायला लागलं की हा फरक कमी होतो.)

रंगांचं झालं. दुसरा निम्मा विषय एक्सपोजरचा, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचा, आणि तिथे कॅमेरा जरा मठ्ठ आहे. त्याचा उजेड मोजणारा मीटर म्हणजे सगळ्यांना सरसकट पन्नास गुण देणारा परीक्षक. समोर काहीही असो, ते मध्यम करडं आहे असं धरून तो चालतो. ओल्या काळ्या कातळाकडे रोखा, कातळ करडा करतो. पांढऱ्या धबधब्याकडे रोखा, पाणीही करडंच करतो. रंगीत फोटोत हे खपून जातं. कृष्णधवलमध्ये तुमच्याकडे उजेड-अंधाराशिवाय दुसरं भांडवलच नसतं.

अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास यासाठी एक पद्धत बसवली, झोन सिस्टिम. नाव भारदस्त असलं तरी कल्पना सरळ आहे. ठार काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन पाडायचे. शेजारच्या दोन झोनमध्ये एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फरक. मीटर जे दाखवतो तो नेहमी पाचवा झोन. सावलीतला पोत दिसायला हवा असेल तर ती तिसऱ्या झोनच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि पांढऱ्यातला पोत हवा असेल तर त्याला सातव्याच्या आसपास ठेवायचं.

नोव्हेंबर १९४१ मधला किस्सा यावर चपखल बसतो. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरून जाताना अ‍ॅडम्सला चंद्र उगवलेला दिसला, आणि मावळतीचं ऊन स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर होतं. गाडी थांबवली, कॅमेरा लावला, आणि मीटर सापडेना. ऊन तर क्षणाक्षणाला सरकत होतं. पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कँडल. ती सातव्या झोनवर ठेवायची म्हणजे पाचवा झोन दोन स्टॉप खाली, चौथा हिस्सा, साधारण ६०. त्यावरून त्याने लेन्सचं छिद्र एफ/३२ आणि वेळ एक सेकंद ठरवली. दुसऱ्या फोटोसाठी फिल्मचा होल्डर उलटवेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. पुढे अनेक दशकं तो त्या एकाच निगेटिव्हच्या छापा काढत राहिला आणि आकाश काळं-काळं करत गेला. सुरुवातीच्या छापांत त्यात ढगांचे फिकट पट्टे दिसतात, नंतरच्यांत जवळपास नाहीत.

धबधब्यावर हाच हिशेब लावा. फक्त पाण्यावर मीटर करा आणि तिथून दीड ते दोन स्टॉप वाढवा. पाणी पांढरं येईल आणि धारा सुट्या दिसतील. दाट धुक्यात एक स्टॉप वाढवा, नाहीतर धुकं धुरासारखं मळकट येतं. फिल्मवाले सावलीवरून एक्सपोजर ठरवत आणि पांढऱ्याला धुलाईच्या वेळी आवरत. डिजिटलमध्ये उलटं: पांढरं एकदा जळलं की परत येत नाही, सावली मात्र बरीच उचलता येते. शंका असेल तर पांढरं सांभाळा.

उजेडाच्या वेळेबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा. सह्याद्रीतल्या कड्यांच्या बाबतीत मला तो अर्धाच पटतो. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून बनला. कड्यावर हे थर आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा कडा पश्चिमेकडे तोंड करून असतो. संध्याकाळचं ऊन त्याच्या थेट तोंडावर पडतं. रंग सुरेख येतो, पण सावल्याच नाहीत, आणि रंग काढल्यावर कडा सपाट भिंत होतो. दुपारी एकच्या आसपास मात्र ऊन वरून कड्याला घासत उतरतं. प्रत्येक थराच्या काठाखाली काळी रेघ ओढली जाते आणि अख्खी रचना उघडी पडते. रंगीत फोटोसाठी ही वेळ कुचकामी, कृष्णधवलसाठी सोन्यासारखी. शिवाय बाकीचे तेव्हा जेवत असतात.

फिल्टरांपैकी एकाच काचेचं काम संगणकावर नंतर करता येत नाही, ती म्हणजे पोलरायझर. ओल्या पानांवर आणि कातळावर जी चकाकी असते ती आकाशाचं प्रतिबिंब असते. पोलरायझर फिरवून ती कापली की खालचं पान दिसतं. पण सगळीच चकाकी कापू नका. काळा कातळ ओला आहे हे करड्यात कळतं ते त्या चकाकीवरूनच. काच फिरवत फिरवत, चकाकी नाहीशी व्हायच्या थोडं आधी थांबायचं.

घरी आल्यावर बाकीची कामं. स्नॅपसीड या ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर आहेत. लाइटरूममध्ये आठ रंगांच्या आठ पट्ट्या आहेत, प्रत्येक रंग स्वतंत्र उजळ-गडद करायला. आकाश गडद करायचं म्हणून निळ्याची पट्टी थेट तळाशी नेली की दोन दुखणी उद्भवतात: आकाशात दाणे उठतात आणि डोंगराच्या कडेने पांढरी किनार चमकायला लागते. जेपेगमध्ये हे जास्त होतं, कारण त्यात प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पातळ्या असतात. रॉ, म्हणजे सेन्सरने नोंदवलेले आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या, फाइलमध्ये १४ बिटला १६,३८४. म्हणून कृष्णधवल करायचा फोटो रॉमध्येच काढावा, आणि कॅमेऱ्यावर मात्र मोनोक्रोम सेटिंग लावून ठेवावं. पडद्यावर करडं दिसतं, फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. उन्हात उभं राहून डोक्यात रंग वजा करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

आणि काही फोटो तसेच सोडून द्यावेत. सप्टेंबरातल्या कास पठारावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा शेजारी शेजारी असतात. पट्ट्या कितीही सरकवल्या तरी एक वेगळा काढला की दुसरे दोन पानांत मिसळतात. तिथे रंगीतच ठेवा.